भीमा-कोरेगावचा जयस्तंभ : ऐकीव आणि कोरीव



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, अशी कार्यकारिणीने आम्हाला गळ घातली. आम्ही प्राध्यापक नाही. गिरणीत पाळ्या करायच्या आणि पाळी सुटली की वाचनालयात बसायचे, एवढीच आमची विद्या. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता एक चूक कबूल करून सुरुवात करतो. चूक आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात याच विहाराच्या ओट्यावरून आम्ही भाषण ठोकले. "पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापून काढले आणि एका दिवसात पेशवाई बुडवली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही खूश होऊन खाली उतरलो. पुढे वस्तीतल्या एका अकरावीच्या मुलाने हेच वाक्य जसेच्या तसे कॉलेजातल्या वादात टाकले. समोरच्यांनी पुरावा मागितला. ह्याच्याकडे पुरावा नव्हता. त्यांच्याकडेही नव्हता, पण मोबाईलवर आलेला मजकूर होता : तो खांब म्हणजे गुलामीची खूण आहे, त्यावर महारांचे नावच नाही, हे सगळे मागाहून रचलेले कारस्थान आहे! पोरगा तोंड पाडून घरी आला आणि संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. "काका, तो आकडा तुम्ही कुठनं आणला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही तो दुसऱ्या एका वक्त्याकडून ऐकला होता. त्याने तिसऱ्याकडून ऐकला असणार. गिरणीत तागा मोजल्याशिवाय पुढे जात नाही, आणि इतिहास मात्र आम्ही न मोजता पुढे सरकवला होता!

तेव्हा ठरवले की खांबच वाचायचा. दर १ जानेवारीला आपण पार्ल्याहून गाड्या करून जातो, पण त्या गर्दीत अभिवादन होते, वाचन होत नाही. म्हणून त्या पोराला घेऊन आम्ही आडदिवशी गेलो. पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यावर पेरणे फाट्याला उतरलो. नदीपलीकडे कोरेगाव, अलीकडे हा स्तंभ. वही काढली आणि नावे मोजली. लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची ४९ नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हा प्रत्यय त्या काळी महारांच्या नावाला लागत असे. म्हणजे 'महारांचे नावच नाही' हे धादांत खोटे. पण उरलेली २७ नावेही तिथेच आहेत. त्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. म्हणजे 'फक्त महार लढले' हेही खरे नाही. पोराने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली.

मग लढाईची हकीकत नीट वाचून काढली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याच्या मदतीला निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पलटणीचे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे ते तीनशे घोडेस्वार, २४ गोरे तोफची आणि २ तोफा होत्या. १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेकाठी पेशव्यांची फौज दिसली. ती सुमारे २०,००० घोडेस्वार आणि ८,००० पायदळ, म्हणजे २८,००० हा आकडा आला तो इथून. पण एवढे सगळे सैन्य गावात शिरले नाही. प्रत्यक्ष हल्ल्याला सुमारे दोन हजारांच्या आत पायदळ होते, त्यांत अरब आणि गोसावी होते. उन्हातान्हात, पाण्यावाचून, रात्र पडेपर्यंत झुंज चालली. कंपनीचे सुमारे ८३४ पैकी २७५ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पेशव्यांची पाच-सहाशे माणसे पडली, असा इंग्रजांचाच अंदाज होता. रात्री पेशव्यांचे सैन्य हटले. जनरल स्मिथची मोठी फौज मागावर होती, हेही त्याचे एक कारण. स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला.

आणि पेशवाई? पुणे तर नोव्हेंबर १८१७ मध्येच इंग्रजांच्या हातात गेले होते. कोरेगावनंतर फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला. पेशवाई एका दिवसात बुडाली नाही. कोरेगाव हा त्या पडझडीतला एक मोठा टप्पा होता.

काही बांधव म्हणतील, असं सांगून तुम्ही आपल्या शूरांना लहान करता. आम्हाला तसे वाटत नाही. दहा-बारा तास उपाशीतापाशी, चहूबाजूंनी वेढलेल्या गावात जी माणसे मागे हटली नाहीत, त्यांचे शौर्य सिद्ध करायला आमच्या फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. उलट तो फुगा फुटला की समोरचा म्हणतो, सगळेच खोटे. पोराचे तसेच झाले होते.

आता दुसऱ्या बाजूचा आरोप. म्हणे, इंग्रजांच्या बाजूने लढले म्हणून देशद्रोही. या आरोपाला चिडून नव्हे, इतिहासाने उत्तर द्यावे. त्या दिवशी पेशव्यांकडून अरब लढत होते आणि कंपनीकडून मराठे, राजपूत लढत होते. पोटासाठी शिपाईगिरी करण्याचा तो जमाना. शिवाय कंपनीला घरात घेतले कोणी? ३१ डिसेंबर १८०२ रोजी, आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच्या वसईला, आपली गादी परत मिळवण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने कंपनीशी तह केला. बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री, स्टाँटन शिरूरहून निघाला. गादीसाठी तह केला तर ते राजकारण आणि भाकरीसाठी बंदूक उचलली तर तो देशद्रोह, हा न्याय कुठला? ज्या राजवटीत पुण्याच्या रस्त्यावर चालताना अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे, त्या राजवटीवर या माणसांची निष्ठा असावी ही अपेक्षाच अजब आहे.

पण मग हा खांब नक्की कशाची खूण? यावरच खरा वाद आहे. १८२१ साली पाया घातला तेव्हा तो कंपनीच्या विजयाची खूण होता. जातीच्या मुक्तीबद्दल त्यावर एक अक्षर नाही. ज्या कंपनीने ही नावे कोरली, तिच्यामागून आलेल्या इंग्रज सरकारने पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे या आपल्या पूर्वसुरींनी अर्जांवर अर्ज केले की भरती पुन्हा चालू करा. तेव्हा तो खांब आपल्या माणसांसाठी पुरावा झाला : बघा, आमची माणसे तुमच्यासाठी पडली आहेत.

१ जानेवारी १९२७ रोजी सुभेदार रामजींचे सुपुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. इंग्रजांचा जयजयकार करायला बाबासाहेब गेले नव्हते. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर सांगितले की तुमच्या राज्यात अस्पृश्यांचे दुःख होते तसेच राहिले आहे. त्यांनी इंग्रजांचा खांब घेतला आणि त्यातून आपल्या माणसांचा स्वाभिमान उभा केला. खांब बदलला नाही, अक्षरे बदलली नाहीत. अर्थ आपण दिला, बाबासाहेबांमुळे दिला. हे उघडपणे सांगण्यात कमीपणा कसला? खुणेला अर्थ माणसेच देतात. कारस्थान तेव्हा म्हणावे, जेव्हा दिलेला अर्थ कोरलेला आहे असे कोणी खोटे सांगेल.

अशा वादाची किंमत किती मोठी असते ते आपण १ जानेवारी २०१८ ला पाहिले. लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून लाखो लोक जमले होते. त्याआधी दोन-तीन दिवस जवळच्या वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला होता. त्या दिवशी दगडफेक, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, आपल्या उपनगरातल्या गाड्याही थांबल्या. अफवा पसरायला घटका पुरते, तिचे घाव भरायला वर्षे लागतात.

न वाचलेल्या दगडाभोवती गोष्टी जमतातच, ही काही आजची गोष्ट नाही. दिल्लीला फिरोजशहाच्या कोटल्यात एक जुना स्तंभ आहे. चौदाव्या शतकात तो तिथे आणला तेव्हा त्यावरची लिपी कोणालाच वाचता येईना. लोक म्हणत, ही पांडवांतल्या भीमाची काठी. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती ब्राह्मी लिपी वाचली आणि भीमाच्या काठीतून देवानंपिय पियदसी, म्हणजे सम्राट अशोक, बोलू लागला. वाचन झाले नसते तर आपल्याला आपला अशोक दगडातून परत मिळाला नसता.

दूर कशाला, पार्ल्याहून हाकेच्या अंतरावर अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत. जग त्यांना महाकाली लेणी म्हणते. ९ नंबरच्या लेण्यात गोल दालनात स्तूप आहे. ही पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे सांगणारे भेटतात. आपण रागावतो आणि ते रास्त आहे. पण तिथल्या प्राकृत लेखात काय आहे ते आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? गौतम गोत्राच्या पिट्टिंब नावाच्या एका ब्राह्मणाने भावासह विहार दान दिल्याची नोंद आहे. हे वाचून आम्हीही क्षणभर चपापलो, कारण आमच्या भाषणांत असा माणूस बसत नव्हता. पण लेणे बौद्धांचे आहे हे ज्या दगडाने सिद्ध होते, त्याच दगडाने हेही सांगितले आहे. सोयीचे तेवढे घ्यायचे आणि गैरसोयीचे टाकायचे, असे केले तर आपल्यात आणि अफवा उठवणाऱ्यांत फरक काय उरला?

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच समजावले होते. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका. आता त्या उपदेशाचा अर्थ आमच्यापुरता असा की ओट्यावरचा वक्ता आपलाच असला तरी त्यालाही विचारा. आम्हालासुद्धा!

शेवटी दोन सूचना करतो. येत्या पावसाळ्यानंतर विहारातर्फे एका रविवारी बायकापोरांसह कोंडिविट्याला जाऊ. वही-पेन्सिल प्रत्येक पोराच्या हातात असू द्या. आणि कोरेगावची ती ४९ नावे सुवाच्य अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावू, फक्त २२ नव्हे, सगळी. तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. फलक लिहायचे काम त्याने अंगावर घेतले आहे, आणि वहीतली नावे त्याने अजून जपून ठेवली आहेत.

आमच्या लिहिण्यात काही चूक आढळली तर विहारात येऊन दाखवावी. ओट्यावर उभे राहून ती दुरुस्त करू.

नमो बुद्धाय! जय भीम!