खेळातून पडद्यावर

मंडळी, व्हिडिओ गेमचं संगीत म्हणजे यंत्रातली टुणटुण, असंच आपण बरीच वर्षं धरून चाललो. १९९७ साली 'द लॉस्ट वर्ल्ड' या गेमसाठी मायकेल जियाकिनो यांनी खरा वाद्यवृंद वापरला; १९९९ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर'साठीही. आता गंमत बघा. गेममधलं हे काम ऐकूनच जे. जे. एब्रम्स यांनी त्यांना 'एलियस' मालिकेसाठी बोलावलं. मग 'लॉस्ट', 'द इन्क्रेडिबल्स' आणि २०१० साली 'अप'साठी ऑस्कर. 'अप'मध्ये एका जोडप्याचा अख्खा संसार काही मिनिटांत, संवादाशिवाय, एकाच सुरावटीवर उलगडतो. शेवटी एकटा पियानो उरतो, आणि आपले डोळे भरून येतात. ज्याला आपण पोरखेळ समजलो, तिथेच हा हात तयार झाला होता. चित्रपटसंगीताचा इतिहास सांगताना ते दालन वगळून आपल्याला चालणार नाही.