नेम कोणाचा?

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने एक दोरी ओढली आणि ४०० वारांवरच्या निशाणावर गोळी मध्यापासून दोन इंचांच्या आत बसली. टाळ्या राणीला पडल्या. पण नेम कोणाचा? रायफल अगोदरच घोडीवर पक्की बसवून तिचा नेम जोसेफ व्हिटवर्थ यांनी जुळवून ठेवला होता.

हे गृहस्थ तरुणपणी मॉड्स्लेच्या कारखान्यातले कारागीर. एन्फील्डची गोळी लांबवर का भरकटते, हे त्यांनी ५०० वार लांबीची बंदिस्त पडवी बांधून तपासले. एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि तिच्या खाचांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई. व्हिटवर्थनी ०.४५१ इंचांची षट्कोनी नळी घेतली, फेरा २० इंचांवर आणला. लांबट गोळी भोवऱ्यासारखी वेगाने फिरली, तरच तोल राखते.

तरीही एक हिशेब उरतोच. नजर सरळ जाते. गोळी मात्र नळी सोडताच खाली येऊ लागते. म्हणून जाणता शिकारी रायफल टेकवून, एकाच जातीच्या काडतुसांनी, मोजलेल्या अंतरावर चार-पाच गोळ्या झाडतो. त्यांच्या घोळक्याचा मध्य पाहून मगच नेमाची खाच सरकवतो. अंतर बदलले, की हिशेब बदलला. हा आळस ज्याने केला, त्याचे जनावर जखमी होऊन रानात तडफडते.

व्हिटवर्थ पुढे मालक झाले, त्यांचे नाव राहिले. ती नळी घासणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. इतिहास वाचताना दोरीच्या या टोकाकडेही पाहावे, एवढेच माझे मागणे.