सलाम बॉम्बे

(१९८८). मुंबईच्या रस्त्यावर जगणारी मुले आणि त्यांच्याभोवती चालणारा गर्दचा किरकोळ धंदा यांवरील हिंदी चित्रपट. दिग्दर्शिका मीरा नायर. पटकथा सूनी तारापोरवाला. माहितीपटांनंतरचा नायर यांचा हा पहिला कथापट.

पार्श्वभूमी : १९८० नंतरच्या दशकात मुंबईत ब्राउन शुगरचा, म्हणजेच गर्दचा, प्रसार झपाट्याने झाला. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा आला. १९८६ मध्ये पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. चित्रपटातील मुंबई याच काळातील आहे.

कथानक : घरी परतण्यासाठी ५०० रुपये जमवायला निघालेला कृष्णा (शफीक सय्यद) मुंबईत चहा पोचवणारा ‘चायपाव’ होतो. त्याचा मित्र चिलम (रघुवीर यादव) वेश्यावस्तीतील दलाल बाबा (नाना पाटेकर) याच्यासाठी गर्द विकतो आणि स्वतःही ओढतो. बाबाने हाकलल्यावर चिलमची तलफ कृष्णाच्या कमाईवर भागते. अखेर कृष्णाची साठवलेली रक्कम गर्दवर उडवून, अतिसेवनाने तो मरतो. पुढे सुधारगृहातून पळून आलेल्या कृष्णाला बाबाकडे नवा पोरगा दिसतो. त्याचेही नाव चिलमच.

वैशिष्ट्ये : विक्रेता बदलला तरी त्याची जागा, नावासकट, लगेच भरली जाते, या एका तपशिलातून धंद्याची सारी रचना उघड होते. टोळीयुद्ध वा पोलिसी शौर्य यांना येथे स्थान नाही. कॅमेरा सर्वांत खालच्या पायरीवर, गिऱ्हाईक आणि विक्रेता एकच असलेल्या माणसावर स्थिरावतो. बहुतेक बालकलाकार रस्त्यावरचीच मुले होती. त्यांना कार्यशाळेत तयार करून प्रत्यक्ष वस्तीत चित्रीकरण झाले. छायालेखन सँडी सिसेल आणि संगीत एल. सुब्रमण्यम यांचे आहे. पत्रलेखकाच्या छोट्या भूमिकेत इरफान खान आहेत. वस्तीतील मुलांनाच पडद्यावर आणण्याचा मार्ग पुढे नागराज मंजुळे यांनी नागपुरात घडणाऱ्या झुंड (२०२२) या चित्रपटात वेगळ्या रीतीने चोखाळला.

सन्मान : १९८८ च्या कान महोत्सवात पदार्पणासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’, उत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि बालकलाकार (शफीक सय्यद) यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार. मदर इंडियानंतर परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा दुसरा भारतीय चित्रपट. चित्रपटाच्या यशातून १९८८ मध्येच सलाम बालक ट्रस्ट स्थापन झाला. मुंबई व दिल्लीत तो रस्त्यावरील मुलांसाठी निवारा, शिक्षण आणि आरोग्याचे काम करतो.