भुईखालचे पूर्वज

नेवासे तिसगावकरांना ठाऊक आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. हा ग्रंथ तेथे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाला. परंतु प्रवराकाठची तेथील वस्ती त्याहून सुमारे अडीच हजार वर्षांनी जुनी आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथील लाडमोड टेकडीवर उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील घरे उजेडात आली. घरांच्या भुईखाली खड्डे होते. त्यांत दोन-दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत लहान मुलांच्या अस्थी! गेलेले लेकरू आईबापांनी घरातच निजविले होते. त्या काळची भांडी चाकावर घडविलेली, तांबडी, काळ्या नक्षीची व खणखणीत भाजलेली असत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणतात.

खापर किती खोल व कशाशेजारी सापडले, यावरूनच त्याचा काळ ठरतो. म्हणून मंदिराचा पाया, रस्ता वा विहीर खणताना असे खापर लागल्यास ते ढिगाऱ्यात टाकू नये. जागीच राखून तलाठ्यास वा पुरातत्त्व खात्यास कळवावे. जुन्याचा मान राखणे हाही जीर्णोद्धारच होय.