मेरुप्रस्तार आणि पास्कल

कनिष्ठ महाविद्यालयात द्विपदाचा विस्तार शिकविताना फळ्यावर अंकांचा एक त्रिकोण मांडला जातो. शिखरावर १, त्याखाली १, १. मग १, २, १. त्यानंतर १, ३, ३, १. शेजारच्या दोन अंकांची बेरीज खाली लिहायची, एवढाच नियम. पुढची ओळ १, ४, ६, ४, १ अशी येते आणि हेच (क + ख) च्या चौथ्या घाताचे सहगुणक होत. या रचनेला आपण ‘पास्कलचा त्रिकोण’ म्हणतो. पण तो खरोखर पास्कलचा काय?

इतिहास निराळे सांगतो. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिली, तीत हाच त्रिकोण ‘मेरुप्रस्तार’ या नावाने येतो. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या १६ रचना होतात. त्यांत एक गुरू असलेल्या ४ आणि दोन गुरू असलेल्या ६. कवितेच्या अंगणातले हे गणित! पुढे बगदादमध्ये अल-करजी आणि चीनमध्ये ज्या श्येन यांनाही हे सहगुणक ठाऊक होते. यांग हुई याने १२६१ साली ज्या श्येनचे ऋण नावानिशी मान्य केले.

मग ब्लेझ पास्कलचे (१६२३–१६६२) श्रेय कोणते? ते सिद्धतेचे. १६५४ साली लिहिलेल्या प्रबंधात त्याने दाखविले की, एखादा गुणधर्म आरंभीच्या ओळीत खरा असेल, आणि कोणत्याही एका ओळीत खरा असल्यास तो पुढच्या ओळीतही खरा ठरत असेल, तर तो सर्वच ओळींत खरा होय. अनंत ओळी तपासण्याचे मानवाला कारणच उरले नाही. हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६५ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास न्यूटनने हा विस्तार अपूर्णांक आणि ऋण घातांपर्यंत नेला.

त्रिकोण हाती असूनही एक चूक नेहमी घडते. (३क्ष + १) च्या चौथ्या घातात सर्वोच्च पदाचा सहगुणक किती? ओळीचा पहिला अंक पाहून कोणी १ म्हणतो, कंसात डोकावून कोणी ३. परंतु घात कंसातील ३ लाही लागू असतो. म्हणून उत्तर ८१. संपूर्ण विस्तार असा: ८१, १०८, ५४, १२, १. अग्रस्थानी काय आहे हे कळण्यासाठी सारा विस्तार मांडावा लागत नाही. मात्र आतले काहीही विसरून चालत नाही.

त्याच १६५४ सालच्या २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कलला ईश्वराचा उत्कट अनुभव आला. त्याची नोंद त्याने अंगरख्यात शिवून ठेवली होती. ती मृत्यूनंतरच सापडली. त्याच्या जन्माच्या चारशेव्या वर्षी, २०२३ साली, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर प्रेषितीय पत्र लिहिले. पास्कलचा गौरव आम्हांला प्रिय आहेच. पण हलायुध आणि ज्या श्येन यांचे देणे मान्य केल्याने तो उणा होत नाही. सत्याच्या शोधात श्रेय वाटून घेतल्याने कोणी गरीब होत नाही, हे आपल्या मुलांना त्रिकोणाबरोबरच शिकवावे.