विनंती आणि आज्ञा : वऱ्हाडातील दोन प्रचारमोहिमा

जाहिरातीच्या यशाचे श्रेय सामान्यतः चटकदार घोषवाक्यास किंवा श्रोत्याच्या बोलीस दिले जाते. विसाव्या शतकात वऱ्हाडातील खेडोपाडी पोहोचलेल्या दोन मोहिमांचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील, हिवराच्या झाडाचे नाव धारण करणारे हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. अशा गावांत छापील शब्दाची सत्ता दीर्घकाळ मर्यादित होती. भिंत, बाजार आणि कीर्तन हीच तेथील प्रचाराची प्रमुख साधने होत.

पहिली मोहीम गाडगेबाबांची. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात कर्ज, दारू व पशुहत्या यांविरुद्ध बोलावे, असा क्रम १९५६ साली देहावसान होईपर्यंत चालविला. त्यांची भाषा वऱ्हाडी होती, हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाची होती ती प्रश्नोत्तराची रीत. बाबा विचारीत व समुदाय उत्तर देई. निष्कर्ष श्रोत्याच्याच मुखातून निघे. नमस्कार करू न देणाऱ्या या वक्त्याचे म्हणणे नाकारण्यास कोणासही भय नव्हते. कीर्तनास जाहिरात म्हणणे काहींस अप्रस्तुत वाटेल. तथापि लोकांच्या सवयी पालटणे हाच दोहोंचा हेतू होय.

दुसरी मोहीम कुटुंबनियोजनाची. शासकीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि त्याचे लाल त्रिकोणाचे चिन्ह साठोत्तर दशकात भिंतीभिंतींवर आले. अक्षरओळख नसलेल्यासही ते ओळखता येई. १९६८ साली ‘निरोध’ पंधरा पैशांस तीन या दराने बाजारात आले. हा शब्द शुद्ध संस्कृत. वऱ्हाडी बोलण्यात त्यास स्थान नव्हते. तरीही तो रुजला, इतका की वस्तूचे सामान्यनाम बनला. ग्राम्यतेचा वास नसल्याने दुकानात तो संकोचाविना उच्चारता येत असे. यशाचे कारण बोलीच असती, तर हा शब्द टिकता ना.

पुढे आणीबाणी आली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. परंतु सक्तीस कायद्याची वाट पाहावी लागली नाही. देशातील नसबंदी शस्त्रक्रियांची वार्षिक संख्या १९७५–७६ मधील सुमारे २७ लाखांवरून १९७६–७७ मध्ये सुमारे ८२ लाखांवर गेली आणि पुढील वर्षी साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळली. १९७७ साली कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ असे बदलावे लागले.

या उलथापालथीत त्रिकोण तोच होता, रंगही तोच. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उक्तीचा अर्थ आणि तिचे बल यांत भेद केला आहे : तेच शब्द प्रसंगानुसार विनंती ठरतात वा आज्ञा. चिन्हासही हे लागू पडते. नाकारण्याची मोकळीक होती तोवर त्रिकोण विनंती करीत होता. ती जाताच तो आज्ञा करू लागला. ओळख पटविण्यात ही जाहिरात पूर्णतः यशस्वी झाली होती. म्हणूनच भय पसरले तेव्हा तेही त्याच चिन्हास चिकटले.

उलट, २०००–०१ साली राज्य शासनाने गाडगेबाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले, तेव्हा ग्रामपंचायतींत स्पर्धा लावून काम गावाच्या स्वेच्छेवर सोपविले. तत्पूर्वी अनुदानातून बांधलेली पुष्कळ शौचालये वापराविना पडून होती. बांधकाम देता आले होते, होकार देता आला नव्हता.

मोडलेल्या विश्वासाची किंमत अद्याप फिटलेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित दांपत्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही भार स्त्रियांवर पडला. याची कारणे अनेक असली, तरी १९७६ चे भय त्यांतील एक होय. प्रचाराचे मूल्यमापन करताना संदेश कितीजणांपर्यंत पोहोचला याइतकेच, तो नाकारण्याची मुभा कितीजणांस होती, हेही विचारावयास हवे.