नोंदीतले बालपण : मुलांचे खेळ, पालकांची साक्ष आणि बेंगळुरूचा मराठी संदर्भ

१

बेंगळुरूच्या कोरमंगला या उपनगराच्या घडणीत खेळाचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९९७ साली कर्नाटकात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांच्यासाठी येथे बंदिस्त क्रीडागार उभे राहिले. खेळाडूंच्या निवासासाठी बांधलेले 'नॅशनल गेम्स व्हिलेज' पुढे रहिवासी वसाहत झाले. त्याआधी तीनच वर्षे, १९९४ साली, याच स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीचे क्रीडासंकुल उभारले गेले होते. पुणे आणि बेंगळुरू यांचे नाते एवढ्यापुरते नाही. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बेंगळुरूला आली, आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या या वाटेने पुढील दशकांत अनेक मराठी कुटुंबे या शहरात येऊन स्थिरावली.

अशा कुटुंबांतील मुलांच्या वाढीची भाषा दुहेरी असते. मूल पालथे पडते, रांगते, धरून उभे राहते, दुडुदुडु चालू लागते. त्याचे बारसे, उष्टावण, जावळ आणि बोरन्हाण होते. हा सारा शब्दव्यवहार मराठी आहे. शाळेचे फाटक ओलांडले की हीट, फायनल, अंडर-फोर्टीन, सर्टिफिकेट हे शब्द सुरू होतात. वाढीच्या टप्प्यांची मराठी परिभाषा साधारणपणे वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी थांबते. ही स्थिती केवळ परप्रांतातील मराठी घरांची नाही; पुण्या-मुंबईतही ती वेगळी नाही. परप्रांतात ती अधिक ठळकपणे दिसते, इतकेच.

मुलाच्या वाढीकडे पाहणाऱ्या पालकाला आपल्या वाङ्मयात कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. बालपणाची नोंद दोन हेतूंनी होते. एक हेतू आठवण ठेवण्याचा, दुसरा पुरावा ठेवण्याचा. शालेय खेळांच्या उदयानंतर पुराव्याची नोंद वाढत गेली आणि आठवणीची नोंद लेखी साहित्याबाहेर राहिली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

बेंगळुरूपुरते बोलायचे तर मराठी पालकत्वाची पहिली मोठी नोंद सतराव्या शतकातील आहे. १६३८ साली केंपेगौडाच्या वंशजाकडून हे शहर विजापूरकरांनी घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात आढळते. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ साली प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात तर बालक शिवाजीच्या वाढीचे टप्पे क्रमाने येतात : रांगणे, धुळीत खेळणे, पशुपक्ष्यांच्या आवाजांची नक्कल, सातव्या वर्षी अक्षरओळख. बाराव्या वर्षी पित्याने त्याला बेंगळुरूहून पुण्यास पाठविले, असे हे काव्य सांगते. सभासदाच्या बखरीतही पुण्यास येतेवेळचे वय बारा असेच आहे. वडील कर्नाटकात आणि मुलगा मावळात अशी ही विभागणी आहे. यापुढचे टप्पे पित्याने पाहावयाचे ते अंतरावरूनच.

या वर्णनांना कृष्णाच्या बाललीलांचा साचा आहे, हे उघड आहे. परंतु त्यामुळे ती ऐतिहासिकदृष्ट्या निरुपयोगी ठरत नाहीत. एखाद्या राजपुत्राच्या चरित्रात कोणते टप्पे नोंदण्याजोगे मानले गेले, हे त्यांतून कळते. याच काव्याचा दुसरा उपयोग आठवणीचा नसून पुराव्याचा झाला. शिवजन्माची परंपरागत तिथी १५४९ शकातील, म्हणजे १६२७ सालची मानली जात असे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी आली, आणि पुढे प्रकाशित झालेल्या 'शिवभारता'ने तिला दुजोरा दिला. १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक शासनमान्य होईपर्यंत महाराष्ट्रातील इतिहासकारांनी या एका नोंदीवर दीर्घकाळ वाद घातला. जन्मतिथी ही बालपणाची पहिली नोंद. तीच किती वादग्रस्त ठरू शकते, याचा हा आपल्या परिचयाचा दाखला होय. पुढील विवेचनात तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

३

दक्षिणेकडे पाहिले असता तमिळमधील 'पिळ्ळैत्तमिळ' हा काव्यप्रकार तुलनेसाठी समोर येतो. त्यात बालपणाचे दहा टप्पे असतात व कवी आईच्या किंवा दाईच्या मायेने बालकाला उद्देशून बोलतो. बाळाने टाळ्या वाजवाव्यात, मुका द्यावा, चालत यावे, चंद्राला खेळायला बोलवावे, असा हा क्रम आहे. शेवटचे टप्पे खेळाचे आहेत : मुलगा असेल तर वाळूतली घरे मोडणे, छोटा ढोल बडवणे, खेळण्यातला रथ ओढणे, मुलगी असेल तर झोपाळा वगैरे. बालपणाची पूर्तता खेळात होते, ही कल्पना येथे रचनेतच आहे.

वारकरी कवितेत खेळ विपुल आहेत. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हुंबरी, हमामा यांवर अभंग आहेत. मात्र तेथे खेळ रूपक म्हणून येतो. खेळणारा जीव असतो आणि डाव संसाराचा असतो. खेळणाऱ्या मुलाकडे पाहत उभी असलेली आई शोधायची तर गौळणींतील यशोदेकडे जावे लागते, आणि तिचे काम बहुधा गाऱ्हाणी ऐकण्याचे असते. मूल खेळात कसे प्रगत होते आहे हे पाहणारी व्यक्ती या परंपरेत जवळजवळ नाही.

युरोपातही ही व्यक्ती उशिरा येते. फ्रान्सच्या तेराव्या लुईच्या बालपणाची दैनंदिनी १६०१ पासून त्याचा वैद्य झाँ एरोआर याने ठेवली. बालपणाचा इतिहास लिहिताना फिलिप आरिएसने तिचा भरपूर उपयोग केला. ती नोंद वैद्याची होती, पित्याची नव्हती. १८३९ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या हालचालींचे, रागाचे आणि भीतीचे टिपण चार्ल्स डार्विनने ठेवले व १८७७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. येथे पिता स्वतः लिहितो, पण शास्त्रज्ञ म्हणून. पालकाने केवळ पालक म्हणून लिहिलेली आणि जतन झालेली नोंद कोणत्याही साहित्यात विरळाच आहे.

४

शाळांमधील संघटित खेळांनी ही परिस्थिती बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल सुरू झाली. त्यापाठोपाठ जाइल्स ढाल आली. मुलाच्या शारीरिक वाढीची एक नवी नोंदवही त्यामुळे अस्तित्वात आली. गुणफलक ही ती नोंदवही. तिच्यात धावा असतात, बळी असतात, तारीख असते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या आई-वडिलांसाठी तिच्यात रकाना नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, एवढे जगाला माहीत आहे. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. तरीही मुलाच्या क्रिकेटमधील घडणीवरचे पुस्तक त्यांनी लिहिले नाही. ते थोरला भाऊ अजित याने १९९६ साली लिहिले. वडिलांच्या मौनाला साहित्याभ्यासकाने दोष देण्याचे कारण नाही. त्या मौनाचे मोल त्याने ओळखावे, एवढीच अपेक्षा.

पालकाचे चित्र आपल्याला मिळते ते मुलाच्या लेखणीतून, तेही बऱ्याच वर्षांनंतर. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे धाडते, कारण लोकांनी त्याला भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. तिची कठोरता आणि तिचे दुःख यांचा अर्थ आपल्याला श्याम सांगतो. आईने स्वतः लिहिले असते तर त्या दिवसाची नोंद कशी झाली असती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

सुनील गावस्कर यांचे 'सनी डेज' (१९७६) या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जन्मानंतर रुग्णालयात बाळाची अदलाबदल झाली होती. पहिल्या दिवशी बाळाच्या डाव्या कानापाशी बारीकसे छिद्र पाहिलेल्या काकांना दुसऱ्या दिवशी ते दिसले नाही, आणि शोध घेतल्यावर ते बाळ एका कोळणीजवळ सापडले. घरात टेनिसच्या चेंडूने आई गोलंदाजी करीत असता चेंडू तिच्या नाकावर बसून रक्त आले, हाही प्रसंग त्याच पुस्तकात आहे. एका कुटुंबातील या दोन आठवणींत आपल्या दोन्ही हेतूंचे दर्शन घडते. कानाचे छिद्र हा पुरावा होता. त्याने मूल कोणाचे ते ठरले. आईचे नाक ही आठवण आहे. तिने काहीही सिद्ध होत नाही, पण खेळाडू कसा घडला ते कळते. सनदशीर दृष्टीने पहिली गोष्ट महत्त्वाची, वाङ्मयीन दृष्टीने दुसरी.

५

पुरावा आणि आठवण यांतील हा ताण बेंगळुरूच्या एका मराठी खेळाडूने सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे. राहुल द्रविड यांचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी इंदूरचा. बालपण बेंगळुरूत गेले. वडील शरद द्रविड किसान या कंपनीत नोकरीला होते, आई पुष्पा द्रविड वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. सेंट जोसेफ्स शाळेत शिकलेल्या या मुलाचे गुण केकी तारापोर यांच्या उन्हाळी शिबिरात हेरले गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने कर्नाटकाकडून रणजी करंडक स्पर्धेत पदार्पण केले, ते पुण्यात आणि महाराष्ट्राविरुद्ध. घरात मराठी बोलणारा मुलगा महाराष्ट्राविरुद्ध ८२ धावा करतो, या घटनेत परप्रांतातील मराठी पालकत्वाचा सारा पेच सामावलेला आहे. मातृभाषा एक, संघ दुसरा. आणि पालकाने मुलाच्याच बाजूने उभे राहावयाचे.

डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत मन्सूर अली खान पतौडी स्मृतिव्याख्यान देताना द्रविड यांनी कनिष्ठ गटांतील वयचोरीचा प्रश्न घेतला. खालच्या वयोगटात खेळता यावे म्हणून जन्मतारीख बदलणारे पालक व प्रशिक्षक त्या मुलाला अप्रामाणिकपणाचा पहिला धडा देतात, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. अशा मुलाच्या वाढीच्या सर्व टप्प्यांतील पहिलाच टप्पा खोटा होतो. शिवजन्माच्या तिथीबाबत इतिहासकारांनी खरे शोधण्यासाठी वर्षे वेचली. येथे घरातली माणसेच खरे लपवितात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दाखला दिला, पण त्या दाखल्यावर विश्वास उरला नाही म्हणून क्रिकेट मंडळाला मुलांच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेऊन वय ठरवावे लागते. आई-वडिलांची साक्ष अपुरी ठरली आणि साक्षीला मनगटाचे हाड आले. नोंद केवळ पुराव्यासाठी उरली की ती पुरावा म्हणूनही टिकत नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष आहे.

२०१७ साली द्रविड यांचेच एक छायाचित्र सर्वत्र पसरले. मुलांसह ते एका विज्ञान प्रदर्शनाच्या रांगेत इतर पालकांप्रमाणे उभे होते. छायाचित्राचे कौतुक झाले ते प्रसिद्ध माणसाच्या साधेपणाचे. पण त्या रांगेतील बाकीच्या पालकांची नोंद कोणी केली नाही, कारण त्यांचे रांगेत असणे गृहीतच होते. मुलाच्या शाळेच्या दारात थांबणे ही पालकत्वाची सर्वांत मोठी आणि सर्वांत अलिखित कृती आहे.

६

या विवेचनाला एका लेखी दस्तऐवजाची जोड देता येते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमध्ये १८९९ साली ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. प्रणवचे वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट संघटनेने मुलाला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा खेळ मंदावला, आणि २०१७ साली वडिलांनीच संघटनेला पत्र लिहून ही शिष्यवृत्ती थांबविण्याची विनंती केली.

विक्रमाचा गुणफलक आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचावेत. गुणफलकाला मुलाचा एकच टप्पा माहीत आहे. पत्र लिहिणाऱ्या पित्याला त्यानंतरचे दिवसही माहीत आहेत. मुलाकडून जे होत नाही त्याबद्दल पैसे घेऊ नयेत, इतका सरळ व्यवहार त्यात आहे, आणि मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरविण्याची कृतीही आहे. वयचोरी करणारा पालक नोंद खोटी करतो. हा पालक आपल्या मुलाच्या विरुद्ध जाणारी खरी नोंद स्वतः करतो. बखरीला, बाललीलांना, आत्मचरित्राला जे जमले नाही ते या अर्जवजा पत्राने साधले आहे : हरणाऱ्या मुलाविषयी पालकाने स्वतःच्या हाताने, त्याच काळात लिहिणे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे येथे एक काम आहे. आत्मचरित्रे यशस्वी मुलेच लिहितात. त्यामुळे त्यांतील आई-वडील नेहमीच दूरदृष्टीचे ठरतात. तितकेच जागरूक असलेले, पण ज्यांची मुले पुढे कारकून, अभियंता किंवा शिक्षक झाली असे पालक त्यांत येत नाहीत. त्यांच्या नोंदी पाळण्याच्या गाण्यांच्या वह्यांत, आजोबांना पाठविलेल्या पत्रांत, पंचांगाच्या कडेला, शाळेच्या प्रगतिपुस्तकामागे विखुरल्या आहेत. बेंगळुरूसारख्या शहरात या नोंदींत मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांची सरमिसळ असणार. भाषांच्या सीमेवर वाढलेल्या पिढीचा तो अस्सल दस्तऐवज ठरेल. लोकसाहित्याच्या संकलनासाठी जात्यावरच्या ओव्या घरोघरी जाऊन उतरवून घेणाऱ्या अभ्यासकांचा वारसा आपल्याकडे आहे. ओवी गाणारी आई आपल्या तान्ह्याचे टप्पे गाण्यात बांधीत होती. तिची नात मैदानाच्या कडेला उभी राहून मुलीची शर्यत पाहते आणि घरी आल्यावर दोन ओळी लिहून ठेवते. या दोघींना एकाच वाङ्मयपरंपरेत जागा देणे अभ्यासकांच्या हाती आहे.